पाळण्याला एक स्टार

कोकंदच्या पाळणे-गल्लीतल्या सनोबर ओपाशी, म्हणजे सनोबरताईशी, भांडायला सहसा कुणी जात नाही. तुम्ही तावातावाने गेलात तर ती तुमचं सगळं शांतपणे ऐकून घेते, वर चहा देते, आणि शेवटी पेन्सिल पुढे करून म्हणते, "एवढं लिहून द्या बघू." बोलताना वाघ असलेला माणूस लिहायला बसला की मांजर होतो, हा तिचा चाळीस वर्षांचा अनुभव. आणि जो खरंच लिहितो त्याची तक्रार खरी असते, हाही तिचाच अनुभव.

ही पेन्सिल फार जुनी आहे. म्हणजे पेन्सिली बदलल्या, सवय जुनी. एकोणिसाव्या वर्षी सनोबर स्टेशनजवळच्या मोठ्या सरकारी दुकानात विक्रेती म्हणून लागली. त्या काळी कायदाच होता, प्रत्येक दुकानात 'तक्रार आणि सूचना' अशी वही ठेवायची, गिऱ्हाइकाने लिहायचं आणि दुकानाने तीन दिवसांत त्याखाली उत्तर द्यायचं. वही होती. साहेबांच्या खणात होती, खणाला कुलूप होतं, आणि किल्ली कायम साहेबांच्या दुसऱ्या कोटात असायची. सगळ्या शहराचा कारभार असाच चालला होता आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

ह्या पोरीचं अडलं. दुसऱ्याच आठवड्यात तिने साहेब जेवायला गेलेले पाहून कोट झटकला, किल्ली काढली, दाराशेजारी एक खिळा ठोकला आणि वही टांगली. खिळा ठोकताना एका ठेंगण्या म्हातारीला उभं करून तिचा हात कुठवर पोचतो ते पाहिलं. शेजारी दोरीला पेन्सिल बांधली. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी पेन्सिलीला टोक करायची, मग पदराने, म्हणजे रुमालाच्या टोकाने, वही पुसायची.

साहेब लाल झाले. पण कायदा पोरीच्या बाजूचा होता, करतात काय? मग त्यांनी सूर बदलला. निदान चार ओळखीच्या बायकांना दोन बरे शब्द लिहायला सांग म्हणाले, तपासणी जवळ आली आहे. सनोबरने त्यांना जे सांगितलं ते पुढे गल्लीत म्हणीसारखं झालं.

"साहेब, लिहिणाऱ्याने काय लिहावं हे मी सांगणार नाही. पेन्सिलीला टोक करणं एवढंच माझं काम."

बक्षीस म्हणून तिला कापडाच्या काउंटरवरून उचलून मागे खिळे-बिजागऱ्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यात टाकलं. आता याला नशीब म्हणा नाहीतर काही म्हणा, त्याच कोपऱ्यात तुरोब आला.

तुरोब पाळणे करणाऱ्याचा मुलगा. हातात कसब असं की लाकडाला पाझर फुटावा, पण तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी. नवी पटाशी आठवड्यात बोथट झाली म्हणून सांगायला आला होता. दहा मिनिटं उभा राहिला, घाम पुसला, आणि तसाच परत निघाला. दाराशी त्याला वही दिसली, टोकदार पेन्सिल दिसली. त्याने लिहिलं, 'पटाशीला धार राहत नाही.' पुढच्या आठवड्यात, 'खिळे वाकतात.' मग, 'बिजागरी करकरते.' असे सहा आठवडे गेले. सातव्यांदा त्याने लिहिलं, 'मागच्या काउंटरवरची मुलगी हसते. तक्रार नाही.' सनोबरने नियमाप्रमाणे तीन दिवसांच्या आत खाली उत्तर दिलं, 'नोंद घेतली. घरच्या मोठ्यांना पाठवावे.'

असं ते लग्न झालं. पुढे जुना देश मोडून नवा झाला, सरकारी दुकान बंद पडलं, आणि वही रद्दीत जाणार तेवढ्यात सनोबर ती काखोटीला मारून घरी घेऊन आली. अजून पेटीत आहे. तिच्यातली दोन पानं तिने समोरासमोर धरून कडेने दोऱ्याने शिवून टाकली आहेत. ती का, हे पुढे येईलच.

तेव्हापासून नवरा-बायकोचं पाळण्यांचं दुकान. तुरोब आका, आका म्हणजे दादा, मागे चाकावर दांड्या कातायचा, रंगवायचा, प्रत्येक पाळण्याच्या वरच्या दांडीखाली, वडील करायचे तशीच, डाळिंबाएवढी, छे, डाळिंबाच्या दाण्याएवढी एक खूण डाग देऊन करायचा. सनोबर ओपा पुढे बसून गाद्या, बांधायचे पट्टे आणि झाकणं शिवायची. दोन मुली सासरी गेल्या. दुकान लहान होतं, पण दोन पिढ्यांची मुलं तिथल्या पाळण्यात झोपून मोठी झाली होती, आणि म्हातारपणाला तेवढं पुरे असतं.

मग एका वसंतात नोटीस आली. कालव्याकडचा रस्ता रुंद होणार, गल्ली पाडणार. पलीकडे एका कंपनीने नवा बंदिस्त बाजार बांधायला घेतला होता. गाळे बावीस, मागणारे साठ. कंपनीने अट घातली, फोनवरच्या नकाशात ज्या दुकानाला गिऱ्हाइकांचे निदान पन्नास अभिप्राय असतील आणि पाचात साडेचार स्टार असतील, त्यालाच गाळा. दहा सप्टेंबरला दुपारी बारा वाजता यंत्र आकडा उचलणार. ओळख नाही, वशिला नाही.

तुरोब आकाने नोटीस वाचली, घडी करून टोपीखाली ठेवली आणि चाक सुरू केलं. त्या दिवशी त्याने तीन दांड्या वाकड्या कातल्या. चाळीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं. चाक थांबलं की हा माणूस थांबणार हे सनोबर ओपाला त्याच दिवशी कळलं. दुकान गेलं तर दुकानाचं काय एवढं, पण याचं काय करायचं?

बहिणीची मुलगी लोला फोनच्या कामात तरबेज. तिने तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापून भिंतीवर लावला, फोन धरला की थेट अभिप्रायाचं पान उघडेल असा. महिन्याभरात चार अभिप्राय आले. त्यातला एक लोलाचाच होता, तो मावशीने तिला काढायला लावला.

शेजारी होशिम आकाचं नक्षीच्या संदुकांचं दुकान. जीभ कात्रीसारखी, पण मनाने बरा. तो म्हणाला, "ओपा, भिंतीवर कोड लावलाय की दृष्ट लागू नये म्हणून इस्पंदाची जुडी टांगली आहे? कुणी बघतच नाही तिकडे."

सनोबर ओपा चार दिवस नुसती गिऱ्हाइकांकडे बघत बसली. सासू येते, तिच्या हातात पिशवी आणि चष्मा घरी. सून येते, तिच्या काखेत मूल आणि दुसऱ्या हातात त्याची दुधाची बाटली. मोकळा हात कुणाला आहे? पाचव्या दिवशी ती शिवताशिवता थांबली आणि तुरोबला म्हणाली, "अहो, वही चुकीच्या खिळ्याला टांगली आहे."

आता हे ज्याने पाहिलंय त्यालाच सुचेल. आमच्याकडे पाळणा जमिनीवर असतो, पोर त्यात बांधलेलं असतं, आणि पाजायचं झालं तर आई त्याला सोडत नाही, स्वतःच वरच्या दांडीवरून ओणवी होते. अर्धा अर्धा तास. छाती पोराकडे, काख दांडीवर, नजर समोर, आणि एक हात पूर्ण मोकळा. त्या हातात आजकाल काय असतं ते सांगायला नको. सनोबर ओपाने लोलाकडून कोड कापडावर छापून घेतला, बोटभर लांबीची चिंधी केली आणि दांडीच्या झाकणाला बरोबर तिथे शिवली जिथे पाजणाऱ्या आईची नजर पडते. ठेंगणीची, उंच बाईची, दोघींचीही. पान उघडलं की काही शोधायला नको, वाचायला नको, वर स्टार, खाली लिहायची जागा. आणि आज्यांसाठी लोलाने माइकची खूण दाखवून ठेवली, दाबायची आणि बोलायचं, फोन आपोआप लिहून घेतो.

जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी ती स्वतः गेली. दार वाजवायचं, बाळंतिणीला दुवा द्यायची, चिंधी शिवायची, चहा न घेता निघायचं. काय लिहा, किती द्या, अवाक्षर नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "मनात येईल ते. पेन्सिल माझी, हात तुझा."

आणि बाई, पूर आला की हो. दोन महिन्यांत साठावर अभिप्राय. पन्नासाचा उंबरा ओलांडला त्या दिवशी लोला नाचत आली. पण स्टारचा आकडा वाचून ती दारातच थबकली. तीन पूर्णांक दोन.

होशिम आकाने फोन हिसकावला आणि सगळ्या गल्लीला मोठ्याने वाचून दाखवलं. 'पाळणा बेढब. पोर माकडासारखं दिसतं त्यात. तीन स्टार.' 'झोपत नाही, मुळीच झोपत नाही, कोण म्हणतं झोपतो? थू थू थू. तीन.' 'मुलगी काळी, पाळणा त्याहून काळा. दोन.' एका आजीने तर माइक दाबून पाच मिनिटं भाषण केलं होतं. तिच्या नातवाइतकं कुरूप मूल कोकंदमध्ये जन्मलं नाही, तो अगदी हडकुळा आहे, त्याच्या गालांकडे कुणी बघू नये, आणि सनोबरच्या हातांना अल्ला शंभर वर्षं ताकद देवो. एक स्टार.

सगळी गल्ली पोट धरून हसली. सनोबर ओपाही डोळे पुसेपर्यंत हसली, कारण यातला शब्द न शब्द तिला कळत होता. इतकं प्रेम तिला जन्मात कुणी लेखी दिलं नव्हतं. तान्ह्या पोराला सुंदर म्हणायचं नाही, पाळण्याला चांगला म्हणायचं नाही, पोर झोपतंय हे तर शेजारणीलाही सांगायचं नाही. गालाला जशी काजळाची तीट लावायची तशी बोलण्यालाही लावायची. मग फोनवर, जिथे अख्खं जग डोळे लावून बसलंय, तिथे कोणती आई पाचच्या पाच स्टार टाकेल? जितकी माया जास्त तितके स्टार कमी.

हसू ओसरल्यावर तिला दहा सप्टेंबर आठवला. ती कंपनीच्या कचेरीत गेली. तिथली अधिकारी बाई तरुण होती, ताश्कंदहून आलेली. तिने सगळे अभिप्राय वाचले, आणि तीही हसली. तिची स्वतःची आई तिच्या मुलीला बेडकी म्हणत होती.

"मला कळतं हो ओपा," ती म्हणाली. "पण आकडा यंत्र उचलतं. यंत्राला आजी नसते."

लोलाचं म्हणणं सरळ होतं. मावशी, फोन करून सांग सगळ्यांना, पाच करा. साठ घरं, एक दिवसाचं काम. सनोबर ओपाने तिला झिडकारलं नाही, शेजारी बसवलं आणि विचारलं, की समज एखाद्या आईने तुझ्या शब्दावर पाच केले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पोराला नुसतं पडसं झालं, तर ती बाई रात्रभर काय काय विचार करील? लोलाने फोन उलटा करून ठेवला.

जुलै असाच गेला. मग ऑगस्टच्या सुरुवातीला सोबिर नावाचा मिनीबसवाला आला. दारात मावेना असा गडी, मिशा हातभर. खांद्यावर एक जुना पाळणा. त्याच्याच लहानपणाचा, पाय डुगडुगत होता, आता त्याला मुलगा झाला होता म्हणून दुरुस्तीला आणला. तुरोब आकाने उलटा करून पाहिला, दाण्याची खूण होती. सोबिरने दांडीवर थाप मारली आणि म्हणाला, काय झोप लागायची हो यात, माझी आई अजून सांगते, तोफ डागली तरी उठायचा नाही. अव्वल माल.

सनोबर ओपाची सुई थांबली. हा माणूस धडधडीत कौतुक करून गेला आणि कुणी थुंकलं नाही. खुद्द तीही नाही. का थुंकेल? या रेड्याला कुणाची दृष्ट लागणार?

"अहो," ती तुरोबला म्हणाली, "आपण इतकी वर्षं खऱ्या गिऱ्हाइकाला कधी विचारलंच नाही. झोपलं कोण होतं पाळण्यात?"

मोठे झालेले पुरुष कुठे सापडतात? सकाळच्या पुलावाला. लग्नघरी पहाटे शेकड्यांनी पुरुष येतात, हात धुऊन बसतात, आणि ताट येईपर्यंत चार जणांत एक चहाची किटली. तेवढी पंधरा मिनिटं हात स्वच्छ, तोंड मोकळं आणि काम काही नाही. एकदा ताट आलं की बोटं तुपकट, मग फोनला कोण शिवतंय? सनोबर ओपाने जुन्या झाकणांच्या कापडातून किटल्यांना घालायच्या चाळीस टोप्या शिवल्या आणि प्रत्येकीवर कोड. पण बायका त्या पंगतीला जात नाहीत. जायला हवं होतं तुरोबला, आणि नुसतं जाऊन भागणार नव्हतं, बोलायला हवं होतं.

त्या माणसाने आदल्या दिवशी चार वाक्यं पाठ केली. चाक बंद ठेवून, भिंतीकडे तोंड करून. सकाळी तीनशे माणसांत तो उभा राहिला, कान लालभडक, आणि म्हणाला, "मी पाळणेवाला तुरोब. जो माझ्या किंवा माझ्या वडिलांच्या पाळण्यात झोपला असेल त्यानेच लिहावं. खात्री नसेल तर घरी फोन करून दांडीखालची खूण बघायला सांगावं. वाईट झोप लागली असेल तर तेही लिहावं." आणि खाली बसला. बायकोने शिकवलेलं शेवटचं वाक्य त्याने गाळलं नाही, यातच त्याचं सगळं आलं.

मग काय विचारता. पन्नाशीचे बाप्ये आईला फोन लावून पाळणा उलटा करायला सांगू लागले. 'पंचेचाळीस वर्षांपूर्वी झोपलो, बायको म्हणते अजून उठलो नाही. पाच.' 'आम्ही पाच भाऊ एकाच पाळण्यात, पाळणा शाबूत, भाऊ भांडून वेगळे. पाच.' एका शिक्षकाने चारच दिले, आपण फार रडायचो असं आईने सांगितल्यामुळे. सनोबर ओपाने तो अभिप्राय लोलाला दोनदा वाचायला लावला. म्हणाली, खरा माणूस आहे.

पुलाव, बारसं, खतना, जिथे बोलावणं तिथे तुरोब आणि त्याच्या चाळीस टोप्या. आकडा मुंगीच्या पावलाने चढत गेला. तीन पूर्णांक आठ. चार. चार पूर्णांक तीन. दहा सप्टेंबरला सकाळी दुकान उघडलं तेव्हा चार पूर्णांक चार होता, आणि लोलाने हिशेब करून सांगितलं, अगदी काठावर आहे, एक पाच स्टार पडला की साडेचार.

पावणेअकराच्या सुमारास ओयदिन आली. कालव्यापलीकडे राहणारी, शाळेत गणित शिकवणारी. नऊ वर्षं तिला मूल नव्हतं. नऊ वर्षं लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते ते सनोबर ओपाने पाहिलं होतं. जुलैच्या अखेरीस मुलगा झाला, आणि परवाच चाळीस दिवस पुरे होऊन तो तुरोबच्या पाळण्यात पडला होता. पोराला सासूपाशी ठेवून, हातात गरम रोट्या घेऊन ती धापा टाकत आली आणि म्हणाली, "ओपा, फोन बघा तुमचा."

आकडा साडेचार झाला होता. लोला किंचाळली, होशिम आका संदुकांवरून उडी मारून आला, मागे चाक बंद झालं आणि तुरोब आका भुसा झटकत दारात येऊन उभा राहिला. सनोबर ओपाने ओयदिनचे दोन्ही गाल धरले. चहाचा एक पेला रिकामा होईपर्यंत सगळं दुकान आनंदात होतं.

मग तिने चष्मा लावून अभिप्राय वाचला. 'नऊ वर्षं वाट पाहिली. माझा मुलगा या पाळण्यात रात्रभर शांत झोपतो. इतका सुंदर पाळणा आणि इतका सुंदर मुलगा दुसऱ्या कुणाचा नसेल. पाच स्टार.'

सनोबर ओपाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तुरोबने तो उडताना पाहिला, आणि का ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

ती एकवीस वर्षांची असताना त्यांना पहिला मुलगा झाला होता. अकमल. तेव्हा ती सरकारी दुकानातली शिकलेली मुलगी, दृष्ट-बिष्ट म्हाताऱ्यांच्या गप्पा असं म्हणणारी. एके दिवशी गिऱ्हाईक नव्हतं, पेन्सिलीला नुकतंच टोक केलं होतं, मजेत तिने स्वतःच वहीत लिहिलं, 'बापाने केलेल्या पाळण्यात माझा मुलगा रात्रभर झोपतो. शहरात असा मुलगा नाही.' त्याच हिवाळ्यात अकमल तापाने गेला. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. न्यूमोनियाच होता, हे तिला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. तरीही ती पानं तिने शिवून टाकली, आणि तो दोरा चाळीस वर्षांत उसवला नाही. शहाणपण एका जागी असतं आणि आईची भीती दुसऱ्या जागी, दोहोंची कधी गाठ पडत नाही.

"ओयदिन," ती म्हणाली, "बदल हे."

"ओपा, बारा वाजायला तासच राहिलाय. तुमचं दुकान..."

"दुकान लाकडाचं आहे. बदल."

"मी मानत नाही असलं काही."

"मीही मानत नव्हते."

ओपा हे इतक्या हळू बोलली की होशिम आकाला ऐकायला पुढे वाकावं लागलं. मग ओयदिनचे डोळे भरले, तिने फोन उघडला आणि विचारलं, काय लिहू?

चाळीस वर्षांत ज्या बाईने कुणालाही काय लिहायचं ते सांगितलं नव्हतं, साहेबाला नाही, भाचीला नाही, स्वतःचं दुकान बुडताना नाही, तिने सरळ बसून शब्द न शब्द सांगितला. "लिही. पोरगं काळं. नाक चपटं. रात्रभर कोकलतं, शेजाऱ्यांना झोप नाही. पाळणा वाकडा. एक स्टार." आणि तीनदा थुंकली. फोनवर नाही पडलं, एवढंच.

आकडा पुन्हा चार पूर्णांक चार झाला. बारा वाजले. लोला रडत निघून गेली. तुरोब आका आत गेला, आणि थोड्या वेळाने चाक सुरू झालं. सनोबर ओपा कान देऊन ऐकत होती. दांडी सरळ कातली जात होती.

होशिम आकाला गाळा मिळाला. संध्याकाळी त्याने ओपापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, बाई, तू वेडी आहेस, आता तुझ्या दुकानाला सैतानाचीसुद्धा नजर लागायची नाही.

ऑक्टोबरात गल्ली पाडली. चाक घरच्या अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली आलं. लोलाने नकाशात पत्ता बदलला, आणि मग एक गोष्ट लक्षात आली जिचा कुणी विचारच केला नव्हता. चिंध्या तर घराघरांत पाळण्यांना शिवलेल्या होत्या. ओणवी झालेली आई फोन धरायची, आणि कोड तिला थेट अंगणाचं दार दाखवायचा. बहिणीच्या घरी पाहिलं, नणंदेच्या घरी पाहिलं, असं सांगत बायका येऊ लागल्या. पहिल्या आठवड्यात अकरा आल्या, आणि येताना होशिम आकाचा नवा गाळा ओलांडून आल्या, हे त्याने स्वतःच येऊन मोजून सांगितलं.

त्याच सुमारास एका दुपारी सनोबर ओपा आत आली तर पेटी उघडी. तुरोब आका मांडी घालून बसलेला, मांडीवर जुनी वही, शिवलेल्या पानांच्या पुढचं कोरं पान उघडलेलं. दोऱ्याला त्याने हात लावला नव्हता. पेन्सिलीला आधी टोक केलं असावं, कारण चटईवर सालं पडली होती. लिहून झाल्यावर तो वही तिच्यापुढे सरकवून चाकाकडे निघून गेला.

त्याने लिहिलं होतं, 'तक्रार. विक्रेती गिऱ्हाइकाला काय लिहायचं ते सांगते.'

तीन दिवसांची मुदत असते. तिसऱ्या दिवशी सनोबर ओपाने खाली उत्तर लिहिलं, 'तक्रार मान्य. पुन्हा तसंच करीन.'